कापूस कोण जाळतो?

सायन्सच्या चाचणीत नववीच्या अर्ध्या वर्गाने एकच उत्तर लिहिलं होतं. प्रश्न होता, कापूस आगीजवळ नेल्यावर का जळतो? उत्तर: 'आग जाळत नाही. अल्लाह जाळतो.'

सायन्सच्या कांबळे मॅडमनी त्या सगळ्यांना भोपळा दिला आणि पेपरांचा गठ्ठा प्रिन्सिपल मॅडमच्या टेबलावर आपटला. मला बोलावणं आलं. निजामपुऱ्यातल्या या मुलींच्या शाळेत अकीदा, म्हणजे श्रद्धेमागचा विचार, मी शिकवते.

"हे तुम्ही शिकवलंत?" कांबळे मॅडमनी विचारलं.

"हो. निम्मं."

"आणि उरलेलं?"

"पुढच्या आठवड्यात आहे."

प्रिन्सिपल मॅडम हसल्या नाहीत. "आफरीन, बोर्डात असं लिहिलं तर? तुझा पिरियड सायन्सला देऊन टाकते."

"आजचा एक तास द्या," मी म्हटलं. "कांबळे मॅडम, तुम्हीपण बसा."

वर्गात जोया आधी उठली. तिच्या अब्बांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, आहेत. घरी त्या खडखडाटात बोलून बोलून तिचा आवाज कायम चढलेला. "मिस, आपने ही तो बोला था!"

"बोलले, आणि खरंच आहे ते. बरेच जुने सुन्नी उलेमा, धर्माचे विद्वान, म्हणायचे, आगीत स्वतःची ताकद नाही. पण ते तिथे थांबले नाहीत. अल्लाहची एक 'आदत' आहे म्हणाले, म्हणजे नेहमीची रीत. आग लागली की कापूस जळतो. ही रीत नुसती डोळे मिटून कळत नाही, बघावी लागते, तपासावी लागते."

"म्हणजे सायन्स?"

"तेच. कांबळे मॅडम रीत कशी ते विचारतात. मी विचारते, रीत कोणाची."

जोया म्हणाली, "तो फिर मॅडमने सवाल में लिखना चाहिए था ना, कौन सा वाला 'का'?"

मागच्या बाकावर कांबळे मॅडम खो खो हसल्या. "हिला वकील करा!"

फेरचाचणी झाली. सगळ्यांनी ऑक्सिजन लिहिला, ज्वलनांक लिहिला. जोयाने शेवटी 'आदत के मुताबिक' असं जोडलं. कांबळे मॅडमनी स्टाफरूममध्ये 'मुताबिक म्हणजे प्रमाणे ना?' असं मला विचारलं आणि पूर्ण मार्क दिले. माझा पिरियड वाचला.

आता हा धडा मी अर्ध्यावर सोडत नाही. घंटा झाली तरी मुलींना बसवून ठेवते. मुली कुरकुरतात, पण पेपर नीट येतात.