भीतीचा रकाना

मुंबईहून डॉक्टर होऊन मी इंदूरला परतलो तेव्हा दोन गोष्टी नव्याने बरोबर आणल्या होत्या. एक, हृदयाच्या ठोक्यांचा अभ्यास करायची हौस. दुसरी, शुद्ध मराठी. पहिलीने जन्मभर माझं पोट भरलं, चार लोकांत नाव दिलं. दुसरीने काय केलं ते आज लिहायला बसलोय.

वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मी जिन्यावरून "थांबा, मी येऊन राहिलोय" असं आमच्या इंदुरी बोलीत ओरडलो होतो आणि अख्खा मजला हसला होता. त्यानंतर मी जिभेला असं वळण लावलं, की सुट्टीत घरी आलो तर आई माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तशी जपून बोलायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. गाढव होतो.

तेव्हा आमचं राज्य मध्य भारत. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला, आणि आमच्या इस्पितळाची फाईल नेहमी राजधानी नसेल त्या गावी. हृदयाचा आलेख काढणारं एकच यंत्र आमच्याकडे होतं. आलेख फोटोच्या कागदावर उमटायचा, तो अंधाऱ्या खोलीत धुवावा लागायचा, आणि कागद संपला की महिनोन् महिने यायचा नाही. क्ष-किरणांच्या पडद्यामागे रोग्याला उभं करून हृदयाची सावली काचेवर पेन्सिलीने गिरवून घेता यायची. पण त्याआधी बराच वेळ लाल चष्मा लावून डोळे अंधाराला सरावून घ्यावे लागत. दिवसाकाठी जेमतेम चार-पाच माणसं व्हायची. बाहेर रांग मात्र फाटकापर्यंत.

म्हणून मी एक युक्ती काढली. छातीची तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांसाठी एक कार्ड छापून घेतलं. त्यावर दोन रकाने: 'धडधड' आणि 'भीती'. जिला धडधड होते तिचा आलेख काढायचा. जिला भीती वाटते तिला धीर द्यायचा, झोपेचं औषध द्यायचं आणि घरी पाठवायचं. आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांना हे फार पसंत पडलं. यावर चांगला निबंध होईल, असं ते म्हणाले. त्या दिवसापासून मी रोगी बघणं सोडलं आणि निबंध बघायला लागलो.

एका सकाळी त्या रांगेत बाई दिसल्या. स्नेहलतागंजात आमच्यापासून दोन घरं सोडून राहायच्या. मराठी शाळेत मला पहिलीला त्याच होत्या. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्या हाताखाली. मी त्यांना रांगेतून काढून आत आणलं आणि आपण केवढा मान दिला, म्हणून मनातल्या मनात खूश झालो.

"काय होतं, बाई?"

"अरे, घबराहट होते रे. बसल्या बसल्या सुरू होते. कधी दोन मिनिटं, कधी घंटाभर. मग आपली आपणच थांबून जाते."

"घबराहट हा मराठी शब्द नाही, बाई." मी हे हसत म्हणालो. ज्यांनी मला 'अ' शिकवला त्यांना म्हणालो. "भीती वाटते, की धडधडतं?"

"आता काय सांगू तुला? घबराहट म्हणजे घबराहट."

"दोन्हींपैकी एक सांगा. कार्डावर लिहायचंय."

बाईंनी कार्डाकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या बायकांकडे. "तुमच्या मुंबईत घबराहट म्हणजे घाबरणंच ना? मग भीती लिही, बाबा. बाहेर लाईन लागलीये तुझी."

नाडी पाहिली, तर त्या घटकेला अगदी सरळ चालली होती. स्टेथोस्कोप लावला तो लावल्यासारखा. कुशीवर वळवून, शांत खोलीत नीट ऐकलं असतं, तर हृदयाची झडप बिघडल्याचा हलका आवाज मला सापडला असता. तेवढं ऐकायला मी शिकलेला होतो. पण 'भीती'च्या रकान्यात खूण करून मी मोकळा झालो होतो, आणि खूण झाली की कान बंद होतात.

पुढे महिनोन् महिने हेच. मराठी असो, हिंदी असो, माळवी असो, आलेली बाई म्हणायची घबराहट, आणि मी लिहायचो भीती. निबंध पुरा झाला. या भागातल्या बायकांच्या छातीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ हृदयात नसून मनात आहे, असा निष्कर्ष मी ठोकून दिला. मोठ्या डॉक्टरसाहेबांनी सही केली आणि निबंध छापायला गेला.

तो गेला त्याच महिन्यात एका सकाळी बाईंचे यजमान आमच्या दारात उभे. त्यांना मी काका म्हणायचो. "चल भिया, लवकर चल. हिला बोलताच येऊन नाही राहिलं."

बाईंचं उजवं अंग लुळं पडलं होतं. वाचा गेली होती. शुद्ध मात्र शाबूत होती. बोललेलं सगळं कळत होतं, डोळ्यांवरून दिसत होतं. मी नाडी धरली. एक ठोका जवळ, दुसरा लांब, तिसरा लागतच नाही. इस्पितळात नेऊन आलेख काढला तेव्हा पट्टीभर तोच गोंधळ. हृदयात रक्ताची गाठ धरली होती आणि ती तिथून सुटून मेंदूत जाऊन बसली होती.

व्हरांड्यात काका म्हणाले, "घबराहट सुरू झाली ना, की ती माझा हात धरून छातीवर ठेवायची. आत पाखरू फडफडावं तसं लागायचं हाताला. तुला सांगितलं नव्हतं का तिनं?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

आणि तेव्हा मला आठवलं, की आमच्या घरी, गल्लीत, सगळ्या इंदुरात घबराहट म्हणजे तेच. छातीत धडधडणं. मला ते लहानपणापासून माहीत होतं. मुंबईत मी ते मुद्दाम विसरलो होतो.

मी कार्डं काढून बसलो. 'भीती'वाल्या ज्या बायका परत येऊ शकल्या त्यांचे आलेख काढले, आणि त्यांतल्या काहींच्या ठोक्यांत तोच बिघाड निघाला. मी ते आलेख मोठ्या डॉक्टरसाहेबांपुढे ठेवले. त्यांनी ते नीट पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "अब तो छप रहा है, डॉक्टर. अगले पेपर में देख लेंगे." मी मान हलवली. सुटलो, असं वाटलं मला. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटलं.

वेळेवर कळलं असतं तर बाई या झटक्यातून वाचल्या असत्या का? तेव्हा आमच्या हातात डिजिटॅलिस आणि क्विनिडीन या ठोक्यांवरच्या दोन औषधांपलीकडे फारसं काही नव्हतं. कदाचित काहीच बदललं नसतं. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय, की आता त्यावर माझाच विश्वास राहिलेला नाही. संपादकांना दोन ओळींचं पत्र घातलं असतं तरी पुरलं असतं. पण त्याच निबंधावर मला विलायतेला शिकायला जायची शिष्यवृत्ती मिळाली, आणि ते पत्र आज लिहू, उद्या लिहू करता करता राहूनच गेलं. हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांवर मी पुढे पुष्कळ लिहिलं. तेवढं पत्र मात्र लिहिलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला बाईंकडे गेलो. काकांनी कुठूनसा निबंधाचा छापील अंक मिळवून आणला होता. "वाचून दाखव हिला. मराठीत सांग. तिच्या पोराचं पहिलं छापलेलं आहे."

मी पलंगाशी बसलो आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागलो. बाई माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होत्या. 'भीती'चं पान आलं तेव्हा मी दोन पानं एकदम उलटली.

बाईंचा डावा हात चादरीखालून बाहेर आला. त्यांनी पान मागे उलटलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"त्यात काही नाही, बाई," मी म्हणालो. "नुसते आकडे आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोट काढून घेतलं. मी पुढचं पान शेवटपर्यंत वाचलं. वाचून झाल्यावर बाईंनी त्याच डाव्या हाताने माझी पाठ थोपटली.