काचेतले नाव

तापलेल्या धुळीचा वास आला की मला उटनूरच्या कचेरीतला हिरव्या अक्षरांचा तो जुना मॉनिटर आठवतो. आमचा ऑपरेटर वर्षानुवर्षे त्यावर एकच पान उघडून काम करीत असे, आणि त्या पानाच्या तळाशी त्याचे नाव असे. तो अचानक वारला, तेव्हा ध्यानात आले की ते नाव काचेत भाजून बसले आहे. मॉनिटर बंद केला की काळ्या पडद्यावर ते राखेच्या रंगात दिसे. "मेल्यावरबी ड्युटी सुटली नाई त्याईची," शिपाई हसत म्हणे, पण त्या खोलीत एकटा जात नसे. नवी यंत्रे आली, आणि जुनी भंगारात जायची त्या दिवशी त्याची बायको गुडीहत्नूरहून आली. "सायेब, त्याईचं नाव आत हाय म्हंतेत. मले वाचता येत नाई. बोट ठिवून दाखवा." बाहेर कडक ऊन होते, सागाचे पानही हलत नव्हते. मी मॉनिटर बंद केला, नाव उमटले, आणि मी तिचे बोट पहिल्या अक्षराशी नेले. काच चटचटली, तिच्या मनगटावरची लव उभी राहिली. तिने हात मागे घेतला नाही. "वळखलं काय त्याईनं मले?" तिने हळूच विचारले. नुकत्याच बंद केलेल्या पडद्यावर थोडी वीज उरते, हे मला ठाऊक होते. मी "हो" म्हणालो. ते खोटे होते, अशी कबुली स्वतःपाशी द्यायला मी आजही अधूनमधून बसतो, आणि दर वेळी ती ओठांशी येऊन थांबते.