कंसातली आत्या

माझी आत्या तीस वर्षं कोर्टात स्टेनो होती. साक्षीदार 'अं' म्हणाला की तिने 'अं' लिहायचं, आणि वकील धडधडीत खोटं बोलला तर तेही लिहायचं, शुद्धलेखन सांभाळून. मधे स्वतःचा शब्द घालायची सोय नाही. तीस वर्षं जिभेवर आलेलं तिने गिळलं आणि निवृत्त झाल्यावर ते सगळं आमच्या घरावर काढलं. भाजी चिरणाऱ्या माझ्या आईमागे उभी राहून ती शेरे मारायची. शेवटी आईनेच हात जोडले, "वन्सं, तुम्ही कुठेतरी कामाला लागा."

काम चालून आलं. गावातल्या मोठ्या सभागृहात दर महिन्याला तंत्रज्ञान, सर्जनशीलता आणि भविष्य यांवर स्फूर्तिदायक भाषणं व्हायची. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी वक्त्याचं बोलणं लगोलग पडद्यावर टाइप करणारं माणूस आयोजकांना हवं होतं. आत्याला रंगमंचाच्या कोपऱ्यात टेबल, कीबोर्ड आणि डुगडुगणारी खुर्ची मिळाली. पहिल्याच दिवशी खुर्चीच्या पायाखाली तिने एका वक्त्याचं परिचयपत्रक चार घड्या करून सरकवलं.

दोन महिने ती शहाण्यासारखी वागली. तिसऱ्या महिन्यातल्या वक्त्याला "मित्रांनो, कल्पना करा" म्हणायची खोड होती. आत्याने दहा वेळा निमूटपणे टाइप केलं. अकराव्या वेळी तिने पुढे कंस टाकला : (अकराव्यांदा करतो आहोत.)

मागच्या रांगा फिसकन हसल्या. वक्त्याला वाटलं, आपण रंगात आलोय. तो आणखी जोरात कल्पना करायला लागला.

झालं, वाघिणीच्या तोंडाला रक्त लागलं. दर महिन्याला दोन-चार कंस पडू लागले. (हा आलेख उलटा लावला आहे.) (इथे टाळ्या अपेक्षित असाव्यात.) हळूहळू ठणठणीत कानांचे लोकही पडद्याच्या बाजूच्या खुर्च्या धरायला लवकर येऊ लागले. आयोजकांना सगळं दिसत होतं, पण सभागृह भरतंय म्हटल्यावर त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं.

मग आले सात सवयीवाले गृहस्थ. सर्जनशील माणसाच्या सात सवयी. तीन सवयी झाल्या आणि चौथी काही केल्या त्यांना आठवेना. ते पाणी प्यायले. घाम पुसून पुन्हा पाणी प्यायले. पडदा कोरा होता आणि आत्याची बोटं शिवशिवत होती. तिने टाइप केलं : चौथी सवय, दुपारी दोन तास झोपा आणि फोन पिठाच्या डब्यात ठेवा.

या वेळी कंस नव्हता. तो विसरला की मुद्दाम गाळला, हे तिने मला आजतागायत सांगितलेलं नाही.

प्रश्नोत्तरांच्या वेळी पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ उठले. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि दहा वर्षांपूर्वी कान पूर्ण गेले होते. ते एकही भाषण चुकवायचे नाहीत. त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "चौथी सवय फार आवडली. पण फोन पिठात पुरायचा, की नुसता वर ठेवायचा?"

वक्ते गोंधळले. "मी असं काही म्हणालोच नाही!"

सगळं सभागृह कोपऱ्याकडे वळलं. मी तिसऱ्या रांगेत होते. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण बोटं चालू होती. तिने वक्त्याचं वाक्य जसंच्या तसं उमटवलं. मग जरा थांबून खाली लिहिलं : ते खरं सांगत आहेत. ते वाक्य माझं आहे.

हशा असा उसळला की आयोजकांना दिवे लावून कार्यक्रम आवरावा लागला. घड्याळवाले तेवढे हसत नव्हते. ते सरळ आत्याच्या टेबलापाशी आले.

"बाई, इतरांना दोन वाटा आहेत. कानाने ऐकतात, डोळ्यांनी वाचतात आणि तुमची गंमत कळते. मला ही एकच वाट आहे. तिच्यात तुम्ही भेसळ केलीत."

आत्याने टाइप करायला हात उचलला आणि मागे घेतला. मग त्यांच्याकडे बघून नुसते हात जोडले. आत्याने हात जोडण्याची आमच्या घराण्याच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ.

पुढच्या महिन्यात आयोजकांनी तिच्या जागी आपोआप टाइप करणारं यंत्र बसवलं. वक्त्या म्हणाल्या, "सर्जनशील मन भविष्य घडवतं." यंत्राने उमटवलं, "सर जण शीळ मन भाऊ विषय घडवतं." अर्ध्या तासात कमी ऐकू येणाऱ्यांची पहिली रांग उठून गेली.

आठ दिवसांनी आयोजक आमच्या घरी आले. सोबत घड्याळवाले. बोलणी त्यांनीच केली.

"वक्त्याचं ते पांढऱ्या अक्षरांत. तुमचं ते पिवळ्या. म्हणजे कुणाचं काय ते मला कळेल."

"म्हणजे माझं बंद नको?" आत्याने एका कागदावर लिहून विचारलं.

"छे हो! सात सवयींतली ती चौथी तेवढीच मी पाळतो. पण पिठात नाही पुरत. घरातून ओरडा बसला."

पिवळ्या अक्षरांचा बोलबाला झाला, तसे वक्तेच कोपऱ्यात घोटाळू लागले. एक तरुण इंजिनीअर तर भाषण छापून घेऊन आला. हात गमावलेल्या कामगारांसाठी तो यांत्रिक हात बनवायचा. "मॅडम, खुणा केल्यात. इथे, इथे आणि इथे मी थांबतो. तुम्ही पिवळं टाका."

त्या दिवशी आत्याने एकही पिवळं अक्षर टाकलं नाही. तो बिचारा तिन्ही जागी थांबला, पडद्याकडे वळला आणि पुढे गेला.

सकाळी त्याचा फोन आला. तिने स्पीकरवर टाकला. आवाज रडवेला होता. "मॅडम, इतकं वाईट झालं का हो?"

"अरे, पहिल्यांदाच मधे तोंड घालावंसं वाटलं नाही बघ."

"म्हणजे चांगलं झालं?"

"चांगलं झालं. आता फोन ठेव आणि कामाला लाग. आणि ऐक, थांबायच्या जागा काढून टाक. माणूस मधेच बंद पडल्यासारखा वाटतो."

भाजी चिरता चिरता आई म्हणाली, "वन्सं, हा शेवटचा शेरा पिवळ्यात की पांढऱ्यात?"