नदीकाठच्या जांभळांचा रस

अंबरनाथच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका झाले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत चामटोलीला मामांकडे राहायला गेले, तेव्हा एका सकाळी उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातले एक सिंधी गृहस्थ अंगणात येऊन उभे राहिले. कॅम्पात ते लोणची आणि सिरका, म्हणजे फळांचा रस आंबवून केलेलं व्हिनेगर, विकत. त्यांना जांभळं हवी होती.

मामांनी पाटी पुढे केली. पाहुण्यांनी एक जांभूळ चाखून विचारलं, "ये कौन से पेड का?"

मामा हसले. "जांभळं ती जांभळं, शेट. झाड कशाला इचारता?"

पण ते हटेनात. मग आम्ही तिघं नदीकाठापासून टेकडीपर्यंत हिंडलो. प्रत्येक झाडाखाली थांबून ते एकेक फळ तोंडात घोळवत. मीही तसंच केलं. लहानपणापासून ही जांभळं खात आले होते, पण नदीकाठची रसाळ आणि टेकडीवरची तुरट, हे त्या दिवशी पहिल्यांदा जिभेला कळलं. शेवटी त्यांनी प्रत्येक झाडाची जांभळं वेगवेगळी बांधून विकत घेतली.

चालता चालता ते सांगू लागले. तरुणपणी सुका मेवा आणायला ते दूर उत्तरेला, डोंगरातल्या एका नदीच्या खोऱ्यात जात. तिथे द्राक्षांचे वेल तुतीच्या झाडांवर चढलेले असत. खडकात कोरलेली जुनी कुंडं होती. त्यांत द्राक्षं पायांनी तुडवून दारू करत. कुंडं कोणी कोरली, ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"तुम्ही प्यायलात?" मी विचारलं. मामांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. शेट मात्र नुसते हसले.

पंधरा दिवसांनी मामांबरोबर मी कॅम्पात त्यांच्या बराकीत गेले. त्यांच्या बायकोने आम्हाला बसायला खाट दिली आणि एका बरणीवरचं फडकं सोडलं. जांभळा रस चुलीशिवाय उकळत असल्यासारखा बुडबुडत होता. वास नाकात शिरला तसे मामा दचकले.

"शेट, ही तर दारूच झाली! दारूबंदी हाय. पोलीस आले म्हंजे?"

"दारू नाही. सिरक्याच्या वाटेवर आहे," ते म्हणाले. "दो महिने में खट्टा हो जाएगा."

मला चव बघायची फार इच्छा होती, पण मामांपुढे बोलायचं कसं? तेवढ्यात मामांनीच बोट बुडवून चाटलं. जरा वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "नदीकाठचं. वाकड्या झाडाचं."

सिंधी काकांनी बरणीखालची चिठ्ठी मला वाचायला दिली. तीवर तेच झाड लिहिलेलं होतं. ते इतके खूश झाले, की मामांचा हात सोडेनात. "वहाँ पहाडों में बूढे भी ऐसे ही चखकर बताते थे!"

मग मीही चमचाभर घेतलं. गोडी नव्हती, जीभ आवळली आणि घशात ऊब उतरली. मामा बाहेर बघत राहिले.

दिवाळीच्या सुमारास सिरक्याची बाटली मामांकडे आली. मामी रोज कांद्यावर घालून खायची आणि मामा दरवेळी तिला विचारायचे, "कोणत्या झाडाचा, सांग बरं?"