निळ्या माशाचा बांध

महाळुंग्यातल्या आमच्या फ्लॅटमधली खाऱ्या पाण्याची टाकी साफ करायला तो महिन्यातून एकदा यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. आल्या आल्या तो बाही दंडापर्यंत दुमडायचा, साबण न लावता हात खळखळून धुवायचा आणि मगच पाण्यात घालायचा.

टाकीतल्या प्रवाळांमध्ये बोटाएवढा एक निळा डॅमसेल मासा होता. नवा मासा सोडला, की हा त्याला कोपऱ्यात रेटून त्याची शेपटी कुरतडायचा. असे दोन मेले, तेव्हा मी वैतागून म्हटलं, "याला घेऊन जा. भांडकुदळ आहे."

"न्हाई न्यायचा," तो म्हणाला. मासा त्याच्या बोटाला चावत होता, पण त्यानं हात काढला नाही. "व्हय बाबा, तुजंच हाय," असं त्या माशालाच म्हणाला. मग प्रवाळांना धक्का न लावता एकेक दगड उचलून त्यानं सगळी मांडणीच बदलली. "आता सोडा नवा. ह्यालाबी जागा नवी, त्यालाबी नवी. मालक कुनीच न्हाई."

त्या दिवशी सोडलेला पिवळा मासा दोन दिवस दबकून राहिला, पण टिकला. मला वाटलं, हे तो व्हिडिओ बघून शिकला असेल. पुढच्या खेपेला विचारलंच.

हात पुसत त्यानं खिडकीतून खाली आमच्या पार्किंगकडे बोट दाखवलं.

"तितं आमचा बांध व्हता. त्यापायी मी चुलत्याशी लई भांडायचो. मग बांधच ऱ्हायला न्हाई."