आगरदांड्याची माणसं आणि आमचा नीरो

मला आता प्रवासाचा कंटाळा येतो, हे प्रवासाच्या ब्लॉगवर लिहिणं बरं दिसत नाही. पण खरं ते खरं. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता फिरायचं. फिरलोही. आता मात्र बॅग काढली की कंबर आधी दुखायला लागते.

तर जानेवारीत मंदावहिनींचा फोन आला. त्या माझ्या कॉलेजच्या मित्राच्या, अनंताच्या पत्नी. (नाव बदललंय. गावाचंही लिहीत नाही. दिघीहून श्रीवर्धनकडे जाताना लागतं, एवढं पुरे.) अनंताची तिथे सुपारीची मोठी वाडी आहे. गावच्या उत्सवात तो दरवर्षी नाटक करतो. लिहितो तो, बसवतो तो, आणि मुख्य काम अर्थातच त्याचं. गेली सहा वर्षं एकच नाटक चालू आहे, रोमच्या नीरो बादशहावरचं. त्याचं खापर थोडं माझ्याही डोक्यावर फुटतं, कारण नीरोची पुस्तकं त्याला मीच दिली होती.

"भाऊजी, यंदा याच तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "पनवेलला कसलीशी नाट्यस्पर्धा आहे. हे नाटक घेऊन जायचं म्हणतायत. बुधवारपर्यंत फॉर्म द्यायचाय."

"मग चांगलंय की."

"चांगलं कसलं? इथे वाडीतलीच माणसं बघायला. आमच्याकडे कामाला येणारी, नाहीतर त्यांची सोयरीक. ती टाळ्याच वाजवणार. तिकडे परकी माणसं हसतील हो यांना. साठी उलटलीय, सहन नाही व्हायचं. तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

अनंताला अभिनय येत नाही, हे मला कॉलेजपासून माहीत आहे. तेव्हा सांगितलं नाही, नंतरही कधी सांगितलं नाही. आता सांगायचं म्हणजे नको वाटत होतं, पण वहिनींना हो म्हणून बसलो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

शनिवार: ठाणे ते दिघी

पहाटे साडेपाचला निघालो, एकटाच. बायकोचे गुडघे तिला एवढा वेळ गाडीत बसू देत नाहीत. पेण, वडखळ, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, आगरदांडा आणि तिथून बोटीने खाडी ओलांडून दिघी, असा रस्ता घेतला. माणगाव-म्हसळ्यावरूनही जाता येतं, पण बोटीमुळे पलीकडचा सगळा वळसा वाचतो. वडखळला वडापाव खाल्ला, गरम होता एवढंच. रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर समुद्र उजव्या हाताला सोबत करतो. कुणाला हौस असेल तर काशीदला थांबा. मी थांबलो नाही. रस्त्याला खड्डे आहेत, नवीन गाडी असेल तर जपून.

आगरदांड्याला पोचलो तेव्हा एक बोट डोळ्यांदेखत सुटली. दुसरीला तासभर होता. गाडीचं तिकीट वेगळं, माणसाचं वेगळं. दर आणि वेळा बदलत असतात, आधी चौकशी करा. सावलीला बसायला जागा कमी आहे, तेव्हा टोपी आणा.

बाकड्यावर नटूनथटून आलेली पंधरा-वीस माणसं होती. बायका जास्त. जुईचे गजरे, कडेवर पोरं. मी कुठे चाललोय ते एका बाईंनी विचारलं. चंद्राबाई त्यांचं नाव, मुरुडला मासळी विकतात. मी उत्सवाला म्हटल्यावर त्या हसल्या.

"आमी बी तिकडंच. दरवर्शी जातो. देवीची ओटी भरायची, जेवायचं, मंग नाटक."

"नाटक कसं असतं?"

"आसतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या शेजारची म्हातारी फस्सकन हसली. "नीरो गायला लागला का थांबतच न्हाय बगा. आमाला साडेपाचची बोट गाठायची आसते. मागनं बोट हाय, पन हिकडं उतरल्यावर गावात जायला यष्टी न्हाय मिलत. म्हनून आमी मदीच उठतो."

"मध्येच म्हणजे?"

"कंटाला आला का!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि लगेच अनंताची दया आली. मोकळ्या मंडपात भर दुपारी नाटक, आणि मधेच वीस माणसं पोरंबाळं घेऊन उठून चालली आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं. त्याचं पनवेलला जाणं थांबवायला मी निघालोच होतो. निदान गावातला प्रयोग तरी नीट व्हावा, असं वाटलं.

म्हणालो, "चंद्राबाई, एक विनंती आहे. नीरो माझा मित्र आहे. यंदा जरा शेवटपर्यंत बसाल का? त्याला बरं वाटेल."

त्यांनी इतरांकडे बघितलं. म्हातारीने मान हलवली.

"बसू की, मास्तर. तुमचा दोस्त हाय ना. बसू."

पाण्यावर वाऱ्याने थोडं बरं वाटलं. पोरांनी बिस्किटांचे तुकडे टाकले आणि समुद्रपक्षी बोटीमागे येत राहिले. पलीकडे उतरल्यावर त्यांच्यातल्या चौघांना गाडीत घेतलं, बाकीचे वडापच्या जीपने आले.

शनिवार दुपार: रोम

जेवणात वालाचं बिरडं, भात आणि केळीच्या पानावर मोठा मोदक. उत्सवात कुणीही पंगतीला बसू शकतं, पैसे नाहीत. मुक्कामाला मी अनंताकडे होतो. इतरांना दिवेआगर किंवा श्रीवर्धनला घरगुती खोल्या मिळतात, शनिवार-रविवारी आधी फोन करून जा.

तीन वाजता नाटक सुरू झालं. सैनिकांच्या ढाली पत्र्याच्या डब्यांच्या. सिनेटर पांढरी धोतरं खांद्यावरून घेतलेले. नीरोच्या डोक्यावर आंब्याच्या पानांचा मुकुट, आणि हातात गावच्या सुताराने केलेलं तारांचं वाद्य. फिडल नाही. त्या काळी फिडल नव्हतंच, हे मी अनंताला पूर्वी सांगितलं होतं आणि त्याने ते पाळलं.

ज्यांनी शाळेत नीरोबद्दल एकच वाक्य ऐकलंय, त्यांच्यासाठी थोडं. रोम जळत असताना तो वाजवत बसला, ही गोष्ट बरीचशी मागाहून रचलेली असावी. जुना इतिहास सांगतो की आग लागली तेव्हा तो गावाबाहेर होता, परत आला आणि बेघर झालेल्यांसाठी त्याने स्वतःच्या बागा उघडल्या. माणूस चांगला होता असं नाही, आईचा खून त्याच्याच नावावर आहे. पण त्याला खरं वेड रंगभूमीचं. बादशहा असून तो स्टेजवर गायचा. तो गात असताना दरवाजे बंद असायचे, कुणाला उठता यायचं नाही. लोक भिंतीवरून उड्या टाकायचे, काहींनी तर मेल्याचं सोंग करून स्वतःला बाहेर उचलून न्यायला लावलं, असं लिहून ठेवलंय. टाळ्या वाजवायला त्याने शिकवलेली माणसं बसवलेली असत. टाळ्यांचे प्रकारसुद्धा ठरलेले होते. स्पर्धेत बक्षीस अर्थातच त्यालाच मिळायचं.

पहिला अंक वाईट होता. अनंता प्रत्येक वाक्य एकाच पट्टीत, हात उंच करून म्हणत होता. गाणी लांब, आणि प्रत्येक गाण्यानंतर वाडीतले गडी नेमाने टाळ्या वाजवत होते. मी घड्याळ बघत होतो.

दुसऱ्या अंकात आग आली. मागे पांढरा पडदा, त्याच्या मागे पत्र्यावर सुक्या झावळ्या पेटवलेल्या. दिवसाउजेडी ज्वाळा फारशा दिसत नव्हत्या, पण धूर मंडपात शिरला. नीरो धावत आला आणि एका पोराला खांद्यावर घेऊन प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला. काही बोलला नाही. झावळ्या तडतडत होत्या. माझ्या पुढ्यातल्या चंद्राबाईंनी मांडीवरच्या पोराला जवळ ओढलं. दोन-तीन मिनिटं मी घड्याळ विसरलो.

मग तो वळला आणि गायला लागला.

तिसऱ्या अंकात पाच वाजून गेले. चंद्राबाईंनी एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले, त्या बसून राहिल्या. वीसच्या वीस माणसं बसून राहिली. अनंताला ते दिसलं असणार, कारण त्याने मरण्याआधीचं गाणं दोनदा म्हटलं. नाटक संपलं सहाला. साडेपाचची बोट गेलेली, पलीकडची एसटीही जाणार.

"तुमच्या शब्दाखातर बसलो, मास्तर," चंद्राबाई म्हणाल्या. चिडलेल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. "पोरं भुकेली झाली."

अनंता तोंडाला रंग तसाच ठेवून धावत आला. त्याने सगळ्यांना चहा आणि वडे दिले, पलीकडे फोन करून टेम्पो सांगितला, आणि स्वतः जेट्टीपर्यंत सोडायला गेला. एवढा आनंदात मी त्याला कधी पाहिला नव्हता.

परत आल्यावर वाडीत विहिरीच्या कठड्यावर बसून तो रंग पुसत होता. मी बोलायची तयारी करत होतो, तेवढ्यात तोच बोलला.

"तुला म्हणून सांगतो. वाडीतल्या टाळ्यांनी मला काही कळत नाही रे. माझीच माणसं. मी उभा राहून नुसता खोकलो तरी वाजवतील. म्हणून मी आगरदांड्याच्या माणसांकडे बघतो. त्यांचं माझ्याकडे काही अडलेलं नाही. कंटाळा आला की उठतात. पहिल्या वर्षी पहिल्याच अंकात उठले. दरवर्षी मी ध्यानात ठेवतो, कुठे उठले, आणि तिथलं पुन्हा लिहितो. गेल्या वर्षी आगीच्या आधी उठले. ठरवलं होतं, ही माणसं शेवटपर्यंत बसतील त्या वर्षी नाटक बाहेर न्यायचं. फॉर्म आणून ठेवला होता, पण वाट बघत होतो." त्याने रंगाचं फडकं बाजूला ठेवलं. "यंदा बसली. बोट सोडून बसली!"

त्या वीस जणांना मी बसवलं होतं. सहा वर्षं खपून त्याने गावात एकच खरी फूटपट्टी मिळवली होती, आणि ती मी सकाळी बाकड्यावर बसून मोडून टाकली होती. नीरोने टाळ्यांना माणसं ठेवली होती. अनंताने ठेवली नव्हती, ती मी पुरवली. मला स्वतःची लाज वाटली. म्हणालो, "अभिनंदन," आणि कंबर दुखतेय सांगून आडवा झालो.

रविवार: परत

सकाळी वहिनींनी घावणे आणि नारळाचं दूध पुढ्यात ठेवलं.

"सांगितलंत?"

"नाही."

त्यांनी तव्यावरचा घावणा उलटला. "मी तरी कुठे सांगते? लग्न झाल्यापासून टाळ्याच वाजवतेय," त्या म्हणाल्या आणि अजून एक घावणा वाढला.

परतताना बोटीने आलो नाही. आगरदांड्याला कुणी भेटलं तर तोंड दाखवायला नको वाटत होतं. म्हसळा-माणगाव रस्ता धरला. घाटात वळणं पुष्कळ, आणि माणगावच्या पुढे ट्रकच ट्रक. दोन तास त्यांच्या मागे सरकत होतो. वेळ असेल तर बोटच बरी. घरी पोचायला संध्याकाळ झाली. बायकोने दारातच विचारलं, "झालं का सांगून?" मी बूट काढत राहिलो.

सोमवार गेला. मंगळवारीही दिवसभर फोन हातात घेऊन ठेवत होतो. शेवटी दुपारी चारला लावला आणि सगळं सांगितलं. बाकडं, चंद्राबाई, माझी विनंती, जोडलेले हात.

अनंता ऐकत होता. मागे कुणीतरी सुपारी सोलत होतं, तेवढा आवाज येत होता.

मग त्याने विचारलं, "तू कुठे उठला असतास?"

चाळीस वर्षांत त्याने मला हे कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं नसतं. आता सांगितलं.

"पहिल्या अंकातच उठलो असतो, अनंता. तुला अभिनय येत नाही. कॉलेजातही येत नव्हता."

"हं."

"पण आग बरी होती. तू पाठ करून गप्प उभा राहिलास ना, ते बरं होतं. तिथे मी घड्याळ बघितलं नाही."

"आग बरी होती?"

"खरंच."

त्याने फोन ठेवला. फॉर्म भरला नाही. वहिनींचा मेसेज आला, सुटले एकदाची, म्हणून. मला सुटल्यासारखं वाटलं नाही. या वयात कुणाला दुखवल्याचा थकवा चढला की तो झोपून जात नाही, हे कळलं. आणि हेही कळलं की इतकी वर्षं गप्प राहून मी जे केलं, ते वाडीतल्या गड्यांनी केलं त्याहून वेगळं नव्हतं. त्यांना निदान कामाची गरज होती. मला कसलीच नव्हती.

तीन आठवडे अनंताचा फोन नव्हता. परवा मीच केला. हे सगळं ब्लॉगवर लिहू का, म्हणून विचारलं. तो रागावेल असं वाटलं होतं.

"लिही," तो म्हणाला. "मला अभिनय येत नाही, हेही लिही. खरंच आहे ते. फक्त आग बरी होती, ते गाळू नकोस."

गाळलेलं नाही. आग बरी होती.