भाऊसाहेबांचा उपास

आईच्या हातच्या गुळाच्या पोळ्या मला कचऱ्याच्या टोपलीत सापडल्या.

टोपली बांबूची. रमण्याच्या पर्यटन समितीनेच बसवलेली. वर काळवीट रंगवलेलं आणि खाली लिहिलेलं, 'स्वच्छ रमना, सुंदर रमना'. ती ओळ मीच लिहून दिली होती. आत फॉइलची पुडकी पडली होती. एकही उघडलेलं नव्हतं. एकात वांग्याचं भरीत, एकात भाकरी, एकात पोळ्या. मुंग्या मात्र सगळ्या पुडक्यांत शिरल्या होत्या. मुंग्यांना कुणाच्या हातचं, ते बघावं लागत नाही.

थोड्या वेळापूर्वी हीच पुडकी भाऊसाहेब दोन्ही हातांनी घेऊन गेले होते. 'ताई, पोट टच्च भरलंय. बांधून द्या, रस्त्यात खातो. बिलकुल सोडत नाही,' असं आईला म्हणाले होते. रस्ता आमच्या घरापासून पहिल्या वळणापर्यंतच पुरला.

मी पुडकी ओढणीत गुंडाळत होते तेवढ्यात मागे आई आली. डोक्यावर गवताचा भारा. तिने टोपलीत पाहिलं, ओढणीकडे पाहिलं. भारा न उतरवताच म्हणाली, "उपास असेल गं त्यांचा. मोठी माणसं. सांगायला संकोचली असतील."

मला रडू आलं नाही. राग आला. आणि पहिला राग आईचाच आला, हेही सांगून टाकते.

आमची वस्ती जीनपुरा. ग्वाल्हेर शहर संपतं, त्याच्या पुढे. आम्ही चामड्याचं काम करणारे. फौजेबरोबर दक्षिणेतून आलो, घोड्यांची खोगिरं शिवायला. सरदार हत्तीवर बसून आले, कारभारी पालखीतून आले, आम्ही घोड्यांच्या मागून चालत आलो. संस्थान गेलं, घोडे गेले, खोगिरं गेली. बाबा शहरात, 'शिंदे की छावनी' नावाच्या भागात, बॅगा आणि जोडे दुरुस्त करतात आणि आठवडाभर तिथेच राहतात. इथे आई आणि मी. घराच्या मागे रमणा. म्हणजे फौजेच्या घोड्यांसाठी राखलेलं गवताचं रान. आता ते संरक्षित आहे. पूर्वी घोड्यांसाठी राखलेलं, आता पाहुण्यांसाठी.

रमण्यात एकच उंच टेकडी आहे. तिथून सगळं गवत दिसतं आणि ऊन उतरलं की काळविटं तळ्यावर येतात ती दिसतात. टेकडीला जायची वाट आमच्या अंगणातून जाते. दुसरी काढता येत नाही, संरक्षित रानात नवा रस्ता करायला बंदी. म्हणून समितीला आमचं अंगण हवं होतं. नाहीतर जीनपुऱ्याकडे कोण कुत्रं फिरकणार होतं?

भाऊसाहेब या समितीचे अध्यक्ष. निवृत्त इंजिनियर. शहरात हरिशंकरपुरमला बंगला. पूर्वज दरबारात कारभारी, रमण्याच्या गवताचा हिशेब ठेवणारे. पिढ्यान्‌पिढ्या हिशेब ठेवला की माणसाला वाटायला लागतं, गवत आपल्यामुळेच उगवतं. भाऊसाहेब तसेच बोलायचे. आमचं गवत, आमची काळविटं, आमचे गावकरी. रमण्याचं नाव मोठं करायचं, बाहेरचे लोक आणायचे, हा त्यांचा म्हातारपणचा छंद. कुणी कुंड्या लावतं, यांनी गावं लावायला घेतली.

मी बी.ए. झालेली. समितीने मला पोस्ट लिहायला ठेवलं. फोटो काढायचे, खाली चार ओळी टाकायच्या. 'ही आमची लेक,' असं भाऊसाहेब बैठकीत सांगायचे. लेकीची खुर्ची दाराजवळ असायची, चपलांच्या शेजारी.

तर त्या दिवशी चवपाहणी होती. रमण्याभोवतीच्या ज्या घरांना पाहुणे ठेवायचे होते, त्यांच्या चुलींची परीक्षा. पास झालं की दारावर पितळी पाटी, 'अतिथी-घर'. ती पाटी आईला हवी होती. पैसे मिळाले तर नको होते असं नाही. पण तिला खरं हवं होतं ते एवढंच, की परक्या माणसाने आपल्या ओट्यावर बसावं, आपल्या हातचं जेवावं आणि हे घर तसं आहे असं दारावर लिहिलेलं असावं. यात काय एवढं, असं वाटेल. ज्यांच्याकडे लोक जेवतात त्यांना वाटेल.

भाऊसाहेब आधी गावच्या मुखियाकडे जेवले. मालपुए पुन्हा पुन्हा मागून घेतले. मी फोटो काढले, माझं कामच ते. एका फोटोत त्यांच्या मिशीला रबडी लागलेली आहे. मग आमच्याकडे आले. आईने पाट मांडले होते, पाटांभोवती रांगोळी काढली होती. भाऊसाहेब ओट्याच्या कडेला टेकले. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी समिती वहिनी म्हणते, त्या तर उभ्याच राहिल्या. इकडे तिकडे बघून म्हणाल्या, "किती स्वच्छ ठेवलंय हो घर!"

आमचं घर स्वच्छ दिसलं की या लोकांना एवढं नवल का वाटतं, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे.

मग पुडकी. मग टोपली.

आठवड्याने निकाल लागला. आम्ही पास! आईने देवापुढे साखर ठेवली. साखर ठेवून झाल्यावर मी तिला पुढची ओळ वाचून दाखवली. पाहुणे आमच्याकडे झोपतील, आमच्या अंगणातून टेकडीवर जातील. जेवण मात्र मुखियाच्या घरून येईल. बाकीच्या घरांनी आपापल्या चुलीवर रांधायचं. जीनपुऱ्याला तेवढं शिजवलेलं यायचं. या व्यवस्थेला नावही दिलं होतं, 'एक रमना, एक चूल्हा'. आणि या नावावर चार गोड ओळी लिहायचं काम माझ्याकडे.

मी ओळी लिहिल्या नाहीत. हरिशंकरपुरमला गेले. भाऊसाहेब बागेत झोपाळ्यावर बसले होते.

"अगं, मॅनेजमेंटचा मामला आहे," ते म्हणाले. "क्वालिटी सारखी राहायला पाहिजे. मी जात-पात बिलकुल मानत नाही, तुला माहीतच आहे. पण येणाऱ्या लोकांचं पण पाहावं लागतं ना. तू बुरा नको मानू."

"तुम्ही त्या दिवशी आमच्याकडे जेवला असता, तर लोकही जेवले असते."

"मी तर जेवलोच असतो गं. माझा उपास होता त्या दिवशी."

मोबाईल माझ्या हातातच होता. त्यात त्यांच्या मिशीला रबडी होती. मी दाखवली नाही. एक तर नोकरी होती. आणि समोरचा माणूस इतकं बिनदिक्कत खोटं बोलला की का कोण जाणे, लाज आपल्यालाच वाटते. त्याला वाटत नाही. त्याचा झोपाळा चालूच असतो.

घरी येऊन आईला सांगितलं. ती चक्क खूश झाली.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? उपासच होता."

"आई, त्यांनी मालपुए खाल्ले होते."

"मग मालपुए खाऊन उपास आठवला असेल. म्हातारा माणूस आहे. पुढच्या वेळी आपण फराळाचं करू."

भाऊसाहेबांनी थाप मारली आणि माझ्या आईने त्या थापेवर स्वयंपाकाचा बेत ठरवला. बाबांकडून शहरातल्या लष्कर भागातल्या चांगल्या दुकानातून साबुदाणा मागवला. दाणे भाजून ठेवले. सैंधव आणलं. मी तिच्यावर ओरडले. एका माणसाने गिळावं म्हणून किती रांधशील, असं म्हटलं. ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "एकदा खाऊ दे. मग त्याला नाही म्हणायला जागाच राहणार नाही."

मग परीक्षक मॅडम आल्या. दिल्लीहून. रमण्याला संरक्षित ग्रामीण भूप्रदेशाचं मानचिन्ह द्यायचं की नाही, हे त्यांच्या हातात. चिन्हासाठी अट होती की सगळ्या समाजांचा सहभाग हवा. सहभाग म्हणजे आम्ही. म्हणून मॅडमचं जेवण आमच्याकडे ठरलं. म्हणजे ओटा आमचा, जेवण मुखियाचं.

मुखियाची माणसं मागच्या बाजूने डबे घेऊन आली. ताटं त्यांची, वाट्या त्यांच्या. पाणी बाटल्यांतलं, बाटल्यांवर काळवीट. आमचं काय होतं? ओटा होता आणि ऊन होतं. समितीने बाबांच्या आजोबांचं जुनं खोगीर भिंतीला टांगून ठेवलं होतं, खाली चिठ्ठी, 'शाही वारसा'. ज्या हातांनी खोगीर शिवलं त्यांचं काम भिंतीवर चालतं, पण त्या हातांनी मळलेलं पीठ चालत नाही. दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे, असं म्हणतात. इथे खायचे दात बाहेर काढायलाच तयार नव्हते.

मॅडमनी घास घेतला आणि विचारलं, "वाह. ये सब यहीं बना है?"

"बिलकुल मैडम," भाऊसाहेब म्हणाले. "एक रमना, एक चूल्हा."

तेवढ्यात आई आतून आली. इस्त्रीची साडी. हातात ताट. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर. ती सरळ भाऊसाहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"भाऊसाहेब, तुमचा उपास असतो ना. सगळं फराळाचं आहे. सैंधवच घातलंय, साधं मीठ नाही."

भाऊसाहेबांनी ताटाकडे पाहिलं. वहिनींनी आकाशाकडे पाहिलं. मग भाऊसाहेब अगदी हळू, मराठीत म्हणाले, "ताई, आज तर निर्जळी आहे माझा."

त्यांच्या एका हातात पाण्याची बाटली होती. अर्धी रिकामी. दुसऱ्या हातात तिचं झाकण होतं.

आईने बाटलीकडे पाहिलं. मी आईकडे पाहत होते. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, आणि ते पुन्हा कधी चढलं नाही. इतके दिवस ती त्यांच्यासाठी कारणं शोधत होती. आता कारणं संपली.

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. पुन्हा मराठीत. "तू काही बोलू नको मॅडमसमोर. आपल्यातली गोष्ट आपल्यात."

आपल्यात! पंगतीला आम्ही परके, आणि थाप झाकायला आपण एक. मराठी त्यांना एवढ्यापुरती आठवली. लहानपणापासून मी हे 'आपल्यात' ऐकत आले. गणपतीत वर्गणीला आपल्यात, हळदीकुंकवाला नाही. त्या क्षणी मला त्या शब्दाची किळस आली.

मी मॅडमकडे वळले आणि हिंदीत, मोठ्याने सांगितलं, "मैडम, ये खाना यहाँ नहीं बना. मुखियाजी के घर से आया है. यहाँ जो बना है वो मेरी माँ के हाथ में है. और साहब का निर्जला व्रत है. पानी पी-पीकर रखते हैं."

मुखियाचा माणूस वाढता वाढता थांबला. वहिनी म्हणाल्या, "हे काय बोलणं झालं!"

मॅडमनी वाचवलं असेल असं वाटतं का? मॅडमनी ताटाचा फोटो काढला. "सो ब्यूटिफुल," म्हणाल्या. "पर साबूदाना मुझे हैवी पड़ता है." आणि मुखियाच्या पुऱ्यांकडे वळल्या.

मग आई त्या पाटावर बसली. भाऊसाहेबांसाठी मांडलेल्या पाटावर, सगळ्यांच्या मधोमध. ताट पुढ्यात घेतलं आणि जेवायला लागली. सावकाश. सगळे उभे राहून बघत होते. तिने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं, हात धुतला आणि मला म्हणाली, "मीठ बरोबर पडलं होतं."

मानचिन्ह मिळालं. मिळणारच होतं. वर्तमानपत्रात भाऊसाहेबांचा हार घातलेला फोटो आला, मागे आमचं खोगीर. समितीने मला काढायच्या आधी मीच निघाले. पितळी पाटी पेचकसाने काढली आणि वळणावरच्या बांबूच्या टोपलीत टाकली. खोगीर आत आणलं. अंगणाच्या फाटकाला साखळी घातली आणि कुलूप लावलं. अंगण आमच्या नावावर आहे, संरक्षित रान अंगणाच्या पलीकडे सुरू होतं. बाबांनी फोनवर विचारलं, "बेटा, झेपेल ना?" मी म्हटलं, जेवू घालणं झेपलं नाही, हे झेपेल.

मग चिन्हाच्या उद्घाटनाचा दिवस आला. बाहेरून मोठे पाहुणे. जीपगाड्यांची रांग आमच्या फाटकाशी येऊन थांबली. हॉर्न वाजले. टेकडी समोर दिसत होती, पण वाट आमच्या अंगणात होती. शेवटी भाऊसाहेब स्वतः उतरले. सोबत फोटोवाला. फाटकाच्या गजांना धरून उभे राहिले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "अगं, झालं गेलं विसरून जा. ताईंना सांग, आज मी जेवतो. इथेच, ओट्यावर बसून. वाढा."

म्हणजे जेवता येत होतं! इतके दिवस घशाला काही झालेलं नव्हतं. जीपगाड्या अडल्याबरोबर धर्म सैल झाला. जो धर्म एका उद्घाटनापुढे टिकत नाही, त्याच्यासाठी माझ्या आईच्या पोळ्या कचऱ्यात गेल्या होत्या. मला त्या माणसाचा आता रागही येईना. हातात पाल धरल्यासारखं वाटलं.

आई चुलीपाशी होती. तव्यावर बाजरीची भाकरी होती आणि तिचा वास थेट फाटकापर्यंत येत होता. भाऊसाहेबांना येत होता, फोटोवाल्याला येत होता. आईने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ती आता ताट काढेल. दारी आलेल्याला तिने कधी परत पाठवलेलं नाही.

तिने भाकरी उलटली. मान वर न करता मला म्हणाली, "सांग त्यांना, आमचा उपास आहे."

मी सांगितलं. मराठीत सांगितलं, आणि मागच्या जीपगाड्यांना कळावं म्हणून हिंदीतही सांगितलं.

त्यानंतर निरोप आले, ओळखीचे लोक आले, धमक्याही आल्या. तडजोड करा, भाऊसाहेब आता केव्हाही जेवायला तयार आहेत, म्हणतात. असतील. आमच्या चुलीची चव घेऊन आम्हाला पास करायला आता कुणालाही बोलावणार नाही. उद्या तो माणूस खरोखर उपाशी आला तरी त्याला हेच उत्तर मिळेल. कुलूप मी लावलंय आणि किल्ली आईच्या कमरेला आहे.